सरपंच, सभापती, नगरसेवक, महापौर : कोणाचे काय काम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सातारा-सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण असते. पदाचे नाव माहीत असते, पण त्या पदाच्या सहीने काय होते आणि काय होत नाही, हे माहीत नसते. त्यापायी माणसे चुकीच्या दारात हेलपाटे घालतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या भागात ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत आहे की नगरपालिका, हे कसे ओळखायचे?

घरपट्टीची पावती काढा. तिच्या वरच्या ओळीत संस्थेचे नाव असते आणि तीच तुमची स्थानिक संस्था.

खेड्यात राहत असाल तर तुमच्यासाठी तीन पायऱ्या आहेत : गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. शहरात राहत असाल तर एकच संस्था असते, आणि शहरातला मतदार झेडपीला मतदान करत नाही. सातारा, कराड, फलटण, वाई, महाबळेश्वर, पाचगणी, रहिमतपूर, म्हसवड, मलकापूर इथे नगरपालिका आहे. कोरेगाव, वडूज, दहिवडी, खंडाळा, लोणंद, पाटण, मेढा इथे नगरपंचायत. सांगली जिल्ह्यात विटा, आष्टा, तासगाव, जत, पलूस ही नगरपालिकेची गावे, तर कडेगाव, खानापूर, कवठेमहांकाळ, शिराळा इथे नगरपंचायत आहे. सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून महानगरपालिका. सातारा जिल्ह्यात महापालिका नाही, म्हणून तिथे महापौरही नाही.

कायदेही वेगवेगळे आहेत. ग्रामपंचायतीला १९५८ चा, जिल्हा परिषद-पंचायत समितीला १९६१ चा, नगरपालिका आणि नगरपंचायतीला १९६५ चा, महापालिकेला १९४९ चा. एका संस्थेतला नियम दुसरीला लावून वाद घालणे ही नेहमीची चूक आहे.

२. पंच, मेंबर आणि ग्रामपंचायत सदस्य हे वेगळे असतात का?

नाही, तिन्ही एकच. कायद्यातला शब्द ‘सदस्य’, बोलण्यातला ‘मेंबर’ आणि जुन्या माणसांच्या तोंडी ‘पंच’. सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते : १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. थेट निवडून आलेला सरपंच या आकड्याच्या वर धरायचा. म्हणून ‘आमची बॉडी नऊची’ असे कुणी म्हणाले तर सरपंच धरून दहा माणसे असतात.

एकट्या सदस्याला कोणताही हुकूम काढता येत नाही. मासिक सभेत विषय मांडणे, ठरावाला सूचक किंवा अनुमोदक होणे, मत देणे, हिशेब विचारणे ही त्याची ताकद. सदस्याने तुमच्या दारात येऊन ‘गटार मंजूर झाले’ असे सांगितले तर त्याला ठराव क्रमांक आणि तारीख विचारा. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या ठरावांच्या वहीत, नोंद नसेल तर मंजुरी नाही.

३. सरपंच थेट जनतेतून असतो की सदस्यांतून? दर निवडणुकीला वेगळेच ऐकायला मिळते.

गोंधळ खरा आहे, कारण नियमच बदलत गेला. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणून शेजारच्या दोन गावांत, निवडणुका वेगळ्या वर्षी झाल्या असतील तर, दोन पद्धतींचे सरपंच एकाच वेळी दिसू शकतात. नगराध्यक्षांचेही २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये असेच झाले.

थेट निवडणुकीत मतदाराला सरपंचासाठी वेगळे मत असते. उमेदवाराचे वय किमान २१ हवे. जन्म १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी उत्तीर्ण असणे लागते. उपसरपंच मात्र आजही पहिल्या सभेत सदस्यच निवडतात. थेट सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे अनेक गावांत होते. तिथे सरपंचाने सभा बोलवायची आणि सदस्यांनी ठराव पाडायचे, अशी पाच वर्षे जाऊ शकतात. मत देताना दोन्ही शिक्के एकत्र विचार करून मारलेले बरे.

४. झेडपी मेंबर आणि पंचायत समिती मेंबर यांत फरक काय? गट आणि गण म्हणजे काय?

झेडपीचा मतदारसंघ म्हणजे गट. एका गटाचे दोन भाग केले की दोन गण होतात, आणि एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडून येतो. म्हणजे खेड्यातला मतदार एकाच दिवशी गटासाठी एक आणि गणासाठी एक अशी दोन मते देतो. पंचायत समित्यांचे सभापती आपोआप झेडपीचेही सदस्य असतात.

शाळेची खोली, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावांना जोडणारा जिल्हा परिषदेचा रस्ता, जनावरांचा दवाखाना ही झेडपीची कामे. पंचायत समिती योजना राबवते, लाभार्थ्यांचे प्रस्ताव छाननी करून पुढे पाठवते, ग्रामपंचायतींवर देखरेख ठेवते. झेडपीच्या सदस्यत्वापासून सुरुवात करून पुढे मोठ्या जागी गेलेल्यांत आर. आर. पाटील यांचे नाव सांगली जिल्ह्यात आजही पहिले घेतले जाते.

५. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. आमच्या गल्लीचा नेमका कोणता?

चारही. प्रभागातल्या ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ या जागा आरक्षणासाठी असतात. त्या गल्ल्यांची वाटणी करत नाहीत. ‘ती गल्ली माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे’ हे उत्तर नगरसेवकांनी आपापसांत केलेल्या वाटणीतून येते. कायद्यात असे काही नाही.

सांगली महापालिकेच्या २०१८ च्या निवडणुकीत २० प्रभागांतून ७८ सदस्य निवडून आले. बहुतेक प्रभाग चारचे आणि दोन प्रभाग तीनचे होते. नगरपालिकेत साधारण दोनचा प्रभाग असतो. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

अर्ज एकाला दिलात तरी प्रती चौघांना द्या. एक म्हणतो दुसऱ्याने पाठपुरावा केला असेल, दुसरा म्हणतो पहिल्याने केला असेल. कामे अडतात ती इथे.

६. नगराध्यक्ष आणि महापौर, मोठे पद कोणते?

मोठे-लहान असे नाही, संस्था वेगळ्या आहेत. नगराध्यक्ष नगरपालिकेचा किंवा नगरपंचायतीचा, महापौर महानगरपालिकेचा. महत्त्वाचा फरक निवडीत आहे. नगराध्यक्ष सध्याच्या पद्धतीने थेट मतदारांकडून निवडून येतो. महापौराला नगरसेवक आपल्यातून निवडतात आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. त्या पदाचे आरक्षण सोडतीने ठरते.

महापौर महासभा बोलावतो, तिचे अध्यक्षस्थान भूषवतो, शहराच्या वतीने स्वागत करतो. प्रशासन चालवणे आयुक्तांकडे आणि खर्चाच्या मंजुरीचा मोठा भाग स्थायी समितीकडे असतो. त्यामुळे शहराच्या राजकारणात स्थायीच्या सभापतिपदासाठी महापौरपदाइतकीच चुरस का असते, ते समजून येईल. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दर वर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात.

‘महापौर’ या शब्दाचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या कामाला दिले जाते. महिला असली तरी पद ‘महापौर’च.

७. ‘सभापती’ म्हणून पत्रिकेत नाव आहे, पण कशाचे सभापती ते कळत नाही.

हा शब्द सर्वांत जास्त घोटाळा करतो. एकाच तालुक्यात सभापती म्हणवणारी पाच-सहा माणसे असू शकतात :

- पंचायत समितीचे सभापती. हे तालुक्याचे निवडून आलेले प्रमुख, मुदत अडीच वर्षे.
- झेडपीच्या विषय समित्यांचे सभापती : शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण वगैरे. झेडपीची स्थायी समिती मात्र अध्यक्षांकडेच असते.
- नगरपालिकेतले पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य अशा समित्यांचे सभापती.
- महापालिकेच्या स्थायी समितीचे आणि प्रभाग समित्यांचे सभापती.
- बाजार समितीचे सभापती. सांगलीच्या हळदीच्या पेठेत ‘सभापती’ म्हटले की हेच डोळ्यासमोर येतात, पण बाजार समिती ही वेगळ्या कायद्याखालची संस्था आहे. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांचा त्यांच्याशी संबंध नाही.

निवेदनावर नुसते ‘मा. सभापती’ लिहू नका. ‘मा. सभापती, पंचायत समिती, खटाव’ असे पूर्ण लिहा.

८. स्वीकृत नगरसेवक निवडून आलेला नसतो, मग त्याला अधिकार काय?

पालिकेच्या कारभाराचा अनुभव किंवा विशेष ज्ञान असलेल्यांना सभागृहात घेण्यासाठी ही जागा आहे. पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात त्या वाटल्या जातात. स्वीकृत सदस्य सभेत बसतो, बोलतो, सूचना करतो, पण राज्यघटनेनेच त्याला सभेतल्या मतदानाचा अधिकार दिलेला नाही. तुमचा विषय मतावर जाणार असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्यक्षात या जागांवर तज्ज्ञांऐवजी तिकीट न मिळालेले कार्यकर्ते बसतात, आणि त्यात शहराचे नुकसान आहे.

९. सीओ, सीईओ, बीडीओ, ग्रामसेवक हे निवडून येतात का?

नाही, हे सगळे शासनाचे अधिकारी-कर्मचारी. सीओ म्हणजे नगरपालिकेचा मुख्याधिकारी. सीईओ म्हणजे जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. एका अक्षराच्या फरकाने अर्ज पालिकेऐवजी झेडपीत जातो. बीडीओ म्हणजे पंचायत समितीचा गटविकास अधिकारी. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एक करून आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव केले आहे. गावात तोंडी अजून ‘भाऊसाहेब’ किंवा ‘ग्रामसेवक’च चालते. तलाठ्यांचेही पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, पण ते महसूल खात्याचे. सातबारा त्यांच्याकडे, घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीकडे.

ढोबळ नियम असा : काय करायचे हे निवडून आलेले ठरवतात, ते नियमात बसवून अधिकारी करतात. ठराव झाला आणि काम होत नाही, तर अधिकाऱ्याकडे जा. ठरावच झाला नाही, तर सदस्याकडे.

१०. कोणत्या दाखल्यावर कोणाची सही चालते?

जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचे दाखले, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा, निराधार असल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्या ठरलेल्या मुदतीत मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी सरपंचाची मर्जी लागत नाही. ‘आधी घरपट्टी भरा, मग जन्माचा दाखला’ अशी अट कुणी घातली तर ती लेखी मागा.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा. सरपंचाने दिलेले उत्पन्नाचे पत्र शिष्यवृत्तीला चालत नाही, आणि दर जूनमध्ये किती तरी मुलांचे अर्ज यावरच परत येतात. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांचा.

आधारवरचा पत्ता बदलताना ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर नगरसेवक किंवा ग्रामीण भागात सरपंच सही करू शकतात. पण नमुना आधार प्राधिकरणाचाच हवा, फोटोवर सही-शिक्का आडवा गेलेला हवा, आणि तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरायला हवा. साध्या लेटरहेडवर ‘सदर इसमास मी ओळखतो’ असे लिहून नेले की केंद्रावरून परत पाठवतात.

११. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच एकटा काढू शकतो का?

नाही. ग्रामनिधीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या सह्या लागतात. वित्त आयोगाच्या निधीचे पैसे ऑनलाइन जातात. तिथे दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, म्हणजे दोन वेगळ्या चाव्या.

यात दोन ठिकाणी बिघडते. नवा सरपंच आला की त्याच्या नावाची डिजिटल सही काढून नोंदवावी लागते, आणि तोवर एकही बिल जात नाही. ठेकेदार ‘नवी बॉडी पैसे अडवते’ असे म्हणतो तेव्हा कारण कित्येकदा एवढेच असते. दुसरा प्रकार गंभीर आहे. सरपंचाची चावी आणि पासवर्ड संगणक ऑपरेटरकडे ठेवलेला असतो. त्या सहीने गेलेल्या प्रत्येक रुपयाची जबाबदारी सरपंचाची. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चौकशीत टिकत नाही. नव्या सरपंचांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : ती चावी घरच्या कपाटात ठेवा आणि बिल वाचून स्वतः सही करा.

१२. सरपंचांना पगार असतो का?

पगार नाही, मानधन असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झाले. २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिना ६,००० आणि उपसरपंचाला २,००० रुपये. ८,००० पर्यंत ८,००० आणि ३,००० रुपये. त्याहून मोठ्या गावात १०,००० आणि ४,००० रुपये.

१३. फ्लेक्सवर ‘मा. नगरसेवक’ लिहितात. ते माननीय की माजी?

दोन्ही होऊ शकते, आणि अडचण तीच आहे. ‘मा.’ नावाआधी आला तर माननीय मानायची रीत आहे : ‘मा. अमुक पाटील’. पदाआधी आला तर बहुधा माजी. पण पत्रात ‘मा. सरपंच, ग्रामपंचायत कार्यालय’ असे लिहिले की तोच ‘मा.’ पुन्हा माननीय होतो. कामाचा कागद असेल तर ‘माजी’ पूर्ण लिहा. माजी सदस्याच्या सहीचे पत्र कोणत्याही कार्यालयात लोकप्रतिनिधीचे पत्र म्हणून धरले जात नाही. जुने लेटरहेड मुदत संपल्यावर वापरणे गैर आहे, आणि त्याचा भुर्दंड पत्र नेणाऱ्या साध्या माणसाला पडतो.

१४. सरपंच बाई आहेत, पण सगळा कारभार त्यांचे मालक बघतात. चालते का?

चालत नाही. ‘सरपंचपती’ असे कोणतेही पद कायद्यात नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्या त्यांनीच चालवायच्या आहेत. पतीने मासिक सभेत बसणे, कागदावर शेरे मारणे, डिजिटल सही वापरणे (प्रश्न ११) हे गैर आहे. सदस्यांनी सभेच्या इतिवृत्तात ‘सभागृहात सदस्य नसलेली व्यक्ती हजर होती’ अशी नोंद करायचा आग्रह धरावा आणि त्याची नक्कल घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

ग्रामस्थांनीही आपली सवय बदलायला हवी. काम घेऊन गेल्यावर ‘दादा कुठं गेल्यात?’ असे विचारण्याऐवजी अर्ज थेट सरपंच ताईंच्या हातात द्या. पहिल्या काही महिन्यांत लोक कुणाशी बोलतात यावर पुढची पाच वर्षे ठरतात.

१५. पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन हे ग्रामपंचायतीत येतात का?

एकही नाही. पोलीस पाटलाची नेमणूक प्रांताधिकारी करतात. ते निवडून येत नाहीत आणि सरपंच त्यांना काढू शकत नाही. तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्ष ग्रामसभेत ठरतात. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. त्यांनी आपसांत मिटवायला मदत करायची, निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही.

विकास सोसायटीचे किंवा कारखान्याचे चेअरमन, संचालक हे सहकाराचे. कृष्णाकाठच्या गावांत चेअरमन साहेबांचा शब्द सरपंचापेक्षा जड असतो, हे खरे. तरी नळाचे कनेक्शन, घराची नोंद, गटार यांसाठी कागद ग्रामपंचायतीतच लागतो.

१६. प्रशासक आल्यावर जुन्या मेंबरांचे काय अधिकार राहतात?

काहीच नाहीत. मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची. ती संपली की निवडून आलेल्यांचे सगळे अधिकार प्रशासकाकडे जातात : झेडपीत सीईओ, महापालिकेत आयुक्त, ग्रामपंचायतीत बहुधा विस्तार अधिकारी. दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये आणि सांगली महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, आणि त्यानंतर दीर्घ काळ प्रशासक होते. त्या काळातल्या कामांची माहिती हवी असेल तर माजी सदस्यांकडे नव्हे, प्रशासकांच्या ठरावांत शोधा. प्रशासकाचे ठरावही नोंदवहीत असतात आणि माहितीच्या अधिकारात मिळतात.

१७. अडीच वर्षांचे पद ‘सव्वा वर्षाचे’ कसे होते?

पक्षांतर्गत वाटणीने. कायद्यात सव्वा वर्ष कुठेही नाही. दोन इच्छुकांना खूश ठेवायला अडीच वर्षांचे दोन तुकडे करतात आणि पहिल्याकडून आधीच राजीनामा लिहून घेतात. तो राजीनामा रीतसर सादर होऊन मंजूर होईपर्यंत पद त्याचेच. त्याने शब्द फिरवला तर पक्षाला राजकीय मार्गच उरतात.

१८. गटनेता, व्हीप, पक्षबदल हे ग्रामपंचायतीला लागू होते का?

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते. म्हणून पक्षांतराचा १९८६ चा कायदा तिथे लागत नाही. पॅनेल सोडणारा मेंबर अपात्र होत नाही, गाव कितीही चिडले तरी.

नगरपालिका, महापालिका, पंचायत समिती आणि झेडपीत मात्र लागतो. निकालानंतर पक्ष किंवा आघाडीची गटनोंदणी होते. नगरपालिका आणि झेडपीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, सांगली महापालिकेसाठी पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे. गटनेत्याने काढलेला व्हीप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा लेखी पक्षादेश, मोडून मत दिले तर अपात्रतेची याचिका दाखल करता येते. अशी प्रकरणे सर्वाधिक पडतात ती व्हीप हातात दिल्याचा पुरावा नसल्यामुळे. सही घेऊन दिलेली प्रत किंवा पंचासमोर दारावर चिकटवल्याचा पंचनामा नसेल, तर मोबाइलवरचा निरोप पुढे टिकवणे अवघड जाते.

१९. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणता येतो का?

येतो, पण दोन टप्पे पार करावे लागतात. सूचना तहसीलदारांकडे जाते आणि ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात. तिथे तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव संमत केला, तरी सरपंच लगेच जात नाही. त्यानंतर विशेष ग्रामसभेत गावाचे गुप्त मतदान होते, आणि गावाने ठराव मान्य केला तरच पद जाते. निवडीपासून पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. उपसरपंचासाठी ग्रामसभेचा टप्पा नाही.

सदस्य पहिला टप्पा जिंकून गुलाल उधळतात आणि दुसऱ्यात हरतात, कारण गावाचे मत त्यांनी धरलेलेच नसते.

२०. सदस्य अपात्र कशाकशाने होतो? नेहमी लागणारी कारणे सांगा.

सगळी कारणे इथे मावणार नाहीत. ज्यांवर माणसे खरोखर पद गमावतात ती ही.

निवडणूक खर्च. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. बिनविरोध आलेल्यानेही आणि पडलेल्यानेही. ‘आपण तर हरलो’ म्हणून न देणारा पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायला जातो तेव्हा नाव अपात्रांच्या यादीत असते. अपात्रता पाच वर्षांपर्यंत असू शकते.

जातवैधता. राखीव जागेवर निवडून आलेल्याने १२ महिन्यांत जात पडताळणीचे प्रमाणपत्र दिले नाही तर पद जाते. निवडणुकीआधीच पडताळणी समितीकडे परिपूर्ण अर्ज करा. पुराव्यात त्रुटी निघाली की वर्ष पुरत नाही.

अतिक्रमण. शासकीय किंवा गायरान जागेवरचे. बांधकाम वडिलांच्या नावावर आहे, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेला नाही. त्याच घरात राहून वापर चालू ठेवला तरी अपात्रता येते.

तिसरे अपत्य. १२ सप्टेंबर २००१ नंतर अपत्यांची संख्या दोनच्या पुढे गेली तर. इथे एक अपवाद आहे : आधी एकच मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली, तर ती एकच धरली जातात. उलटे मात्र चालत नाही. आधी जुळी आणि नंतर एक, म्हणजे तीन.

थकबाकी. बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत घरपट्टी किंवा पाणीपट्टी न भरणे. पैसे रोख दिले पण पावती घेतली नाही, अशी माणसे इथे सापडतात.

याशिवाय ग्रामपंचायतीच्या कामात स्वतः किंवा भागीदारीत ठेका घेणे, आणि परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना न येणे. ग्रामपंचायतीच्या अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे.

२१. राजीनामा कोणाकडे द्यायचा?

ग्रामपंचायत सदस्याने सरपंचाकडे, सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतींकडे. ठरलेल्या नमुन्यात, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. रागाच्या भरात तहसीलदारांना दिलेला किंवा वर्तमानपत्रात छापून आणलेला राजीनामा हा राजीनामा नाही. सही जबरदस्तीने घेतली असेल तर लगेच लेखी हरकत घ्या, कारण मुदत फार थोडी असते.

२२. गाडीवर ‘सरपंच’ किंवा ‘नगरसेवक’ लिहिले तर टोल माफ होतो का?

नाही. टोलमाफीच्या यादीत ही पदे नाहीत, मग नाका आनेवाडीचा असो की तासवड्याचा. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काही लिहिणे मोटार वाहन नियमांत बसत नाही. लेटरहेडवर राजमुद्रा छापणेही चूक आहे. तिच्या वापरासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. ग्रामपंचायतीचे किंवा पालिकेचे स्वतःचे बोधचिन्ह वापरावे.

२३. अर्ज दिला तरी ‘मिळालाच नाही’ म्हणतात. काय करावे?

दोन प्रती न्या. पदनाम पूर्ण लिहा, नाव लिहू नका, कारण माणूस बदलतो आणि खुर्ची राहते. ग्रामपंचायतीत ‘मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी’ असे दोघांना उद्देशून लिहा. कार्यालयात आवक रजिस्टरला नोंद करून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. सरपंचांना रस्त्यात किंवा लग्नात दिलेला अर्ज आवकला चढत नाही. विषय गावाचा असेल तर ग्रामसभेच्या आधी देऊन विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या हजर असली की गणपूर्ती होते. ती न झाल्याने तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, म्हणून तहकुबीनंतरच्या सभेला आवर्जून जा. मोठे ठराव तिथेच होतात.

२४. आमचे गाव हद्दवाढीत शहरात गेले. आमचे सरपंच आपोआप नगरसेवक झाले का?

नाही. साताऱ्याच्या २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर पालिकेत आले तेव्हाही हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारला गेला. अधिसूचना लागू झाली की ग्रामपंचायत संपते, आणि तिच्याबरोबर सरपंच, उपसरपंच, सदस्य ही पदेही संपतात. पालिकेच्या पुढच्या निवडणुकीत नव्या प्रभागातून जे निवडून येतील ते तुमचे नगरसेवक. तोवर त्या भागाचे काम मुख्याधिकाऱ्यांकडेच न्यावे लागते.

दप्तर पालिकेकडे वर्ग होते, पण सगळे नीट पोहोचते असे नाही. जुना नमुना ८ चा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या शेवटच्या तीन वर्षांच्या पावत्या, बांधकाम परवानगीची प्रत आणि नळजोडणीची पावती स्वतःकडे जपून ठेवा. पालिकेची नवी कर आकारणी येईल तेव्हा नाव किंवा क्षेत्रफळ चुकलेले असेल, तर हरकत नोंदवण्याच्या मुदतीत हेच कागद जोडावे लागतात.